कुणाची शेवंती

नांदेडला तरोड्याच्या पुढं घर बांधून झालं आणि व्यंकटरावांच्या डोक्यात बागेचं खूळ शिरलं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. इतकी वर्षं लोकांच्या शेतात पाणी सोडलं, आता म्हणे स्वतःच्या दारात सोडणार. सोडणार म्हणजे सोडायला लावणार. पाइप हातात धरायचं काम त्यांच्या बायकोचं, सिंधुबाईचं, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं.

बरं, बाग तरी चारचौघांसारखी असावी? तीही नाही. भोकरजवळ त्यांच्या गावी कुणीतरी आईच्या नावानं आंबा लावून त्याला पाटी ठोकली होती. ती पाहून आल्यापासून व्यंकटरावांना चैन पडेना. आपल्या माणसांच्या नावाचीच झाडं लावायची, असं त्यांनी जाहीर केलं. आई तुळसाबाई, तिच्या नावानं तुळस, वृंदावनासकट. लेक जाई, तिचा वेल फाटकाच्या कमानीवर. सून केतकी, तिच्यासाठी कंपाउंडच्या कोपऱ्यात केवडा. "काट्याचं हाय, जरा लांबच बरं," असं म्हणून ते स्वतःच हसले. आणि धाकटी बहीण शेवंता. तिच्यासाठी पायरीला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरावा असा शेवंतीचा वाफा.

लेक, सून, बहीण, आई झाली. राहिला मुलगा. आता शिवम नावाचं झाड कुठं असतं का? पण बापानं अडू दिलं नाही. शिवम म्हणजे महादेव, महादेवाला बेल, म्हणून बेलाचं रोप शिवमच्या नावानं लागलं. एवढी अक्कल लढवलेली पाहून सिंधुबाईला वाटलं, आपल्या नावालाही काहीतरी शोधतीलच. ती वाट बघत राहिली.

गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्याकडून त्यांनी पाट्या करून आणल्या. हिरव्या पत्र्यावर पांढरी रेडियमची अक्षरं. पिशवी उघडून सिंधुबाईनं एकेक पाटी पुसली, सुलटी केली, वाचली. शेवटची वाचून झाल्यावर तिनं पिशवीत हात घालून पाहिला. तळाशी कागदाचा बोळा होता.

"अन् माझं?"

"तुझं काय?"

"माझ्या नावाचं झाड."

व्यंकटराव चहा पीत होते. "सिंधु म्हणजे नदी. नदीचं झाड कुठून आणू मी? अन् सगळ्यांना पाणी तूच घालून राहिलीस की. नदीनं आणखी काय करायचं असतंय?"

हा विनोद त्यांना फार आवडला. शेजाऱ्यांना सांगून झाला, फोनवर जाईला सांगून झाला, दूधवाल्यालाही सांगितला. पहिल्यांदा सिंधुबाई हसली. दुसऱ्यांदा तिनं हसल्यासारखं केलं. दूधवाला खो खो हसला तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि पातेलं घेऊन ती आत निघून आली.

कारण सिंधु हे तिचं नाव नव्हतंच. जळकोटला बापाच्या घरी ती शेवंता होती. शाळेच्या दाखल्यावर शेवंता, आईच्या तोंडी शेवंते, आणि रामलिंगदादाच्या तोंडी रागात असला तर शेवी.

लग्न ठरलं तेव्हा घोडं अडलं ते इथंच. नवऱ्याच्या घरात आधीच एक शेवंता होती, व्यंकटची धाकटी बहीण. सासू म्हणाली, एका घरात दोन शेवंता कशाला, हाक कुणाला मारली ते कळायचं न्हाई. तसं नाव बदलायची रीत होतीच, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुठलं ठेवायचं याचा खल चालला होता तेव्हा दोन वेण्या घातलेली नणंदच म्हणाली होती, "सिंधु ठेवा. आमच्या शाळंतल्या बाईंचं नाव हाय, लई गोऱ्या हायत." झालं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात अक्षरं काढली. समोर बसलेल्या नवरीला ती उलटी दिसत होती. मुंडावळ्यांतून तिनं ती जुळवली आणि तिला वाटलं, हे कुठल्यातरी देवीचं नाव असेल. मग एक बाई तिच्या कानाशी ओरडली, "आता कुणी नाव विचारलं तर काय सांगशील?" तेव्हा तिला कळलं.

ती रडली नाही. त्या वयात तिला वाटलं, नणंद काय, दोन वर्षांत लग्न होऊन जाईल, मग घरात एकही शेवंता उरणार नाही आणि आपलं आपल्याला परत मिळेल. उसनी दिलेली वाटी परत येते तसं. नणंद खरंच लग्न होऊन देगलूरकडं गेली, तेलुगू बोलणाऱ्या घरात. आणि गंमत बघा, तिथं तिच्या मोठ्या जावेचं नाव शेवंता! म्हणून त्यांनी हिचं केलं कमलम्मा. म्हणजे जिच्यासाठी इकडं एकीचं नाव काढून घेतलं तिलाही तिकडं ते वापरायला मिळालं नाही. दोन बायकांचं नाव गेलं आणि कुणाच्या कामी आलं नाही. सिंधुबाईला मात्र कुणी परत दिलं नाही. द्यायचं असतं हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं, आणि मागायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

तरी चालून गेलं, कारण जळकोट होतं. दिवाळीला, पंचमीला गेलं की दारातच कुणीतरी "शेवंते, आलीस का गं" म्हणायचं. आई गेली, मग तेवढं म्हणायला दादा राहिला. गेल्या वर्षी रामलिंगदादाही गेला. त्याच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. सगळे तिला आत्या म्हणत होते, वन्सं म्हणत होते, काकू म्हणत होते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आता जगात आपल्याला शेवंता म्हणणारं एकही माणूस उरलेलं नाही. ती लातूर जिल्हा संपेपर्यंत रडली. व्यंकटरावांना वाटलं, भावासाठी रडते आहे.

आणि आता तेच नाव तिच्याच दारात, तिच्याच पायरीशी पत्र्यावर चमकत होतं. रोज सकाळी ती त्याला पाणी घालत होती आणि ते दुसरीचं होतं.

मार्गशीर्षात वास्तुशांत ठरली. त्याच्या आधी एके दिवशी तिनं मनाचा हिय्या केला. व्यंकटराव वाफ्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"अहो, ही शेवंती माझी म्हणा."

"काय म्हणू?"

"ही शेवंती माझ्या नावाची हाय असं म्हणा. पाटी बदलू नका. पाटीवर नुसतं शेवंताच लिवलंय. कुणाची ते लिवलेलं न्हाई."

व्यंकटरावांनी पेपर खाली घेतला. त्यांना आठवायला वेळ लागला, आणि तो वेळ सिंधुबाईनं उभ्या उभ्या सोसला. "हां हां. ते तुझं लग्नाआधीचं."

"लग्नाआधी मी दुसरी कोणी होते का?"

"तसं न्हाई गं. पण बहिणीच्या नावानं बायकोला हाक मारू का मी? जीभ तरी वळंल का?"

"हाक नका मारू. मी कुठं म्हणलं हाक मारा म्हणून?"

"अन् शेवंता वास्तूला येणार हाय, तिला काय सांगू? तुझी म्हणून लावली अन् काढून घेतली? एवढं माहेरपणाला येईल ती, तिच्या तोंडावर कसं बोलू?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुला गुलाब आणून देतो की. पाहिजे तर दोन आणतो."

माणूस वाईट नव्हता, हीच तर खरी अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. यांना खरोखरच वाटत होतं की गुलाबानं भागेल.

दोन दिवस तिनं ते मनात घोळवलं आणि तिला एक वाट दिसली. नवऱ्याची जीभ वळत नाही, ठीक आहे. नणंदेनंच सोडली तर? तिला तिकडं कमलम्माच म्हणतात, पोरं, नातवंडं, सगळे. तिला कमळ द्यावं. कमळ काय शेवंतीपेक्षा कमी आहे? उलट लक्ष्मीचं फूल. मान मोठा.

भोकर रोडला करीमची नर्सरी होती. बाग लावल्यापासून तिथं येणं-जाणं होतं. करीम माल आणायला गेला होता, त्याची बायको जाहिदा काउंटरवर होती. कमळ म्हटल्यावर तिनं मागच्या हौदाकडं नेलं. "फूल गर्मीत येईल भाभी. आत्ता नुसते पानच दिसतात. कुणाच्या नावाचं आहे हे?"

बागेची कथा तिला व्यंकटरावांनी सांगितलीच होती, नदीच्या विनोदासकट. सिंधुबाईनं काय मनात आलं कुणास ठाऊक, तिला सगळं सांगून टाकलं. जळकोट, तांदळातली अक्षरं, देगलूर, सगळं. जाहिदा कमळाच्या टबाला फडकं मारता मारता थांबली.

"आमच्यात नाव नाही बदलत भाभी. मी इकडं आले तेव्हा करीमच्या आपाचं, म्हणजे बहिणीचं, नाव पण जाहिदाच होतं. ती बडी जाहिदा, मी छोटी जाहिदा. भांडलो लई, पण नावावरून कधीच नाही." मग ती हळूच म्हणाली, "बडी न् छोटी म्हणलं असतं तर नसतं चाललं का?"

एवढं सोपं होतं? चाळीस वर्षांत एकाही माणसाला एवढं सुचलं नाही? सिंधुबाईला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती चिडली. तेही जाहिदावर, जिचा काडीचा दोष नव्हता. टब रिक्षात ठेवताना ती तिच्याशी धड बोललीसुद्धा नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी नणंद आली. अंगानं भरलेली, गुडघे दुखणारी, नाकात मोठी चमकी. फाटकातून आत येताच व्यंकटरावांनी तिला दंडाला धरून वाफ्यापुढं नेलं. शेवंती ऐन भरात होती, पिवळी जर्द. पाटी पाहून म्हातारीनं तोंडावर पदर धरला. "अय्यो दादा," एवढंच म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. खाली वाकून पाटीवरून हात फिरवत राहिली. व्यंकटरावांनी मोठ्या समाधानानं बायकोकडं पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

वास्तुशांत पार पडली. होम झाला, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटराव आडवे झाले तेव्हा सिंधुबाईनं नणंदेला मागच्या दारी टब दाखवला.

"वन्सं, हे तुमच्यासाठी आणलंय. कमळ हाय. उन्हाळ्यात फूल येतंय."

"मला? मला तर तिकडं शेवंती लावली की दादानं."

"तेच म्हणते." सिंधुबाईनं टब तिच्याकडं जरा सरकवला. "तुम्हाला तिकडं समदे कमलम्मा म्हणतात. हे तुमचं घ्या. अन् शेवंती... ती मला सोडा. माझं नाव शेवंता व्हतं. तुम्हाला म्हाईत हाय."

नणंद टबाकडं बघत राहिली. ओळख पटायला तिला भावासारखा वेळ लागला नाही. तिला सगळं लख्ख आठवत होतं, ते तिच्या तोंडावर दिसलं.

"म्हाईत हाय वैनी," ती म्हणाली. "मीच नाव सांगितलं तुझं. लई दिवसांनी कळलं मला काय केलं ते. मला तिकडं कमलम्मा केलं त्या दिवशी कळलं."

"मग सोडा की."

"न्हाई सोडवत."

"तुम्हाला काय कमी हाय?"

"माहेराला येऊन पण मी कमलम्माच व्हायचं का?" नणंदेचा आवाज चढला. "तिकडं मेले तर कमलम्मा मेली म्हणतील. एक दादा हाय शेवंते म्हणणारा. त्याच्या मागं या घरात मला त्या नावानं कोण ओळखंल? तू? तू जन्मात वन्सं सोडून काही म्हणलीस का मला?"

ते खरं होतं. नणंदेला नावानं हाक मारायची नसते, म्हणून सिंधुबाईनं मारली नव्हती. ज्या नावापायी तिचं नाव गेलं ते या घरात तिच्या तोंडून एकदाही निघालेलं नव्हतं. सवय रीतीची होती, पण त्यात थोडा दातओठ खाण्याचाही भाग होता, हे तिचं तिला माहीत होतं.

"तुमचे निदान दादा तरी हायत," ती म्हणाली. "माझा दादा गेला."

"तुझा गेला म्हणून माझं पण काढून घेती का?"

दोघी म्हाताऱ्या टबाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. एका पत्र्याच्या पाटीसाठी आपण चोरट्यासारख्या कुजबुजत भांडतोय, याची दोघींनाही लाज वाटत होती आणि दोघींपैकी एकीलाही माघार घ्यायची नव्हती. ज्यांनी नावं ठेवली आणि बदलली ते सगळे कधीच मातीआड गेले होते. उरलेला एकजण आत पंख्याखाली घोरत होता. शेवटी नणंद लंगडत आत गेली. रात्रीचं जेवण दोघींनी एकमेकींना आग्रह करकरून वाढलं. राग लपवायचा असला की बायका तसंच करतात.

सकाळी नणंदेला न्यायला गाडी यायची होती. व्यंकटराव तिची पिशवी घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. सिंधुबाईनं पाटावर बसवून तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. कुंकू लावलं. रीत ती रीत, तिच्यात कसूर नाही. नणंदेनं ओटी पदरात बांधली आणि उठायच्या ऐवजी तिचं मनगट धरलं. रात्रभर झोपली नसावी, डोळे सुजले होते.

"वैनी, पाटी न्हाई सोडवत मला. लई इचार केला, न्हाई सोडवत. पण एक करू आपण. मी तुला नावानं हाक मारते. तू मला मार. दादाला न्हाई कळायचं, कुणालाच न्हाई. फोनवर पण तसंच बोलू. कोणतरी म्हणणारं पाहिजे ना गं? तुला पण अन् मला पण."



नणंदेनं इकडंतिकडं पाहिलं आणि अगदी हळू, लहान मुलीनं दुसरीला खेळायला बोलवावं तशी म्हणाली, "शेवंता. ए शेवंता."

सिंधुबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. या घराण्यात कुणीतरी तिला पहिल्यांदा तिच्या नावानं हाक मारली होती. आईचं दार, दादाचा आवाज, सगळं एकदम छातीत भरून आलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं, एवढ्या दोन शब्दांत आलं होतं. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, हे आलं कुणाकडून? जिनं नेलं तिच्याकडूनच. पाटी स्वतःला ठेवून आणि उरलंसुरलं मला देऊन. दारात आलेल्याला शिळी भाकरी वाढावी तसं. तरीही तिनं ते घेतलं. नको म्हणायची ताकद तिच्यात नव्हती. घेतलं आणि आत कुठंतरी घट्ट धरून ठेवलं.

नणंद तोंडाकडं बघत होती. तिचं म्हणून झालं होतं, आता ती वाट बघत होती. तोंड अर्धवट उघडं, कपाळावर ताजं कुंकू. किती सोपं होतं. तीन अक्षरं. त्या अक्षरांनी कुणाचं काही कमी होणार नव्हतं, हे सिंधुबाईला पक्कं कळत होतं. ती अक्षरं तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"सावकाश जा, कमलम्मा," ती म्हणाली.

नणंदेनं मनगट सोडलं. मग भिंतीला धरून उठली, चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून गेली. वाफ्याशी ती थांबली नाही. व्यंकटरावांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं, त्यांच्याकडं न बघता ती आत बसली.

गाडी गेल्यावर व्यंकटराव आत आले. "काय झालं गं तिला? डोळ्याचं पाणी खळत न्हाई. एवढा मान केला, पाटी लावली, अन् रडत गेली शेवंता."

सिंधुबाई पाटाभोवती सांडलेले तांदूळ गोळा करत होती.

"माहेर सोडताना बायका रडत्यातच की," ती म्हणाली आणि तबक घेऊन आत गेली.